रॉकच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवायला लागताना

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी, गंजलेले पाने आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या शेजारच्या खोक्यातून मी बीटल्सची एक सात इंची सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, उचलली. मधोमध पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीचं काळं लेबल, नंबर आर ५६७५, ‘लेडी मॅडोना’. गाणं पाठ होतं म्हणून घेतली. घरी आणून ती एक बाजू वाजवली आणि कपाटात ठेवून दिली. मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ असं छापलेलं वाचलं होतं, पण ती बाजू लावायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आणि त्या गाण्यातलं सगळं वादन मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८मध्ये रेकॉर्ड झालं होतं, त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने आवाज नंतर लंडनला जाऊन दिला. मुंबईत मी शिकलो, नोकरीचीही बरीच वर्षं तिथेच काढली. त्याच शहरातला सूर माझ्या कपाटात पडून होता आणि मी तबकडी उलटून पाहिली नव्हती.

म्हणून कुणी मला विचारलं की जुन्या रॉक रेकॉर्ड्स जमवायच्यात, सुरुवात कुठून करू, तर दुकानांचे पत्ते मी नंतर सांगतो. आधी हातातली तबकडी वाचायला शिका. कव्हरवर फक्त नाव असतं. ती कुठल्या कारखान्यात निघाली, कधी निघाली, कितव्या साच्यातून निघाली, हे सगळं तबकडीवरच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की फसवणूकही टळते आणि साध्या दिसणाऱ्या खोक्यात काय दडलंय तेही दिसायला लागतं.

पहिलं काम: आवाका ठरवा

‘मला सत्तरच्या दशकातला रॉक आवडतो’ एवढ्यावर जमवायला निघालात तर दोन वर्षांत घरात तीनशे तबकड्या होतील आणि त्यातल्या अडीचशे पुन्हा कधी वाजणार नाहीत. एक लहान कुंपण घालून घ्या. एका बँडच्या एका देशातल्या रेकॉर्ड्स, एखादं लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा ब्रँड), एखादं वर्ष, किंवा परदेशी बँडच्या फक्त भारतीय आवृत्त्या, काहीही चालेल.

माझं कुंपण म्हणजे बीटल्सच्या ब्रिटनमधल्या मूळ रेकॉर्ड्स. १९६२ ते १९७० या काळात तिथे त्यांच्या २२ सिंगल्स आणि १३ ईपी (बहुधा चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या) निघाल्या. एलपींसकट, म्हणजे बारा इंची मोठ्या तबकड्यांसकट, ही सगळी यादी वहीच्या दोन पानांत मावते. शेवट दिसत असला की शोध शिस्तीत होतो. माझ्या एका मित्राने व्हर्टिगो हे लेबल धरलं. १९६९मध्ये सुरू झालेल्या या लेबलावर मधोमध काळ्यापांढऱ्या वर्तुळांचा भोवरा असायचा, तबकडी फिरायला लागली की नजर आत ओढली जायची. ब्लॅक सॅबाथची पहिली एलपी १३ फेब्रुवारी १९७० रोजी याच लेबलावर आली. भोवऱ्याचं लेबल १९७३पर्यंतच चाललं, त्यामुळे ते कुंपणही आखीव आहे.

आकार आणि वेग

एलपी म्हणजे बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे. कोलंबियाने ती १९४८मध्ये आणली. सिंगल म्हणजे सात इंची, ४५ फेरे, ती आरसीए व्हिक्टरने १९४९मध्ये आणली. ईपीही सात इंचीच असते, पण तिच्यावर बहुधा चार गाणी असतात आणि तिला जाड, छापील कव्हर असतं. अमेरिकन सिंगलचं मधलं भोक मोठं, दीड इंचाचं असतं. त्यासाठी प्लास्टिकची चकती लागते, ती पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

सिंगल्सना दुय्यम मानू नका, हे मी आग्रहाने सांगतो. साठच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये सिंगलवर आलेली गाणी शक्यतो एलपीवर घालत नसत. तीच गाणी गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे देऊन का घ्यायची, असा सरळ विचार त्यामागे होता. फेब्रुवारी १९६७ची ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ ही सिंगल त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या ‘सार्जंट पेपर’वर नाही ती यामुळेच. ‘द इनर लाइट’ तर दहा वर्षं बीटल्सच्या कुठल्याच एलपीवर नव्हतं, १९७८च्या ‘रेअरिटीज’ संग्रहात ते पहिल्यांदा आलं. तोवर हे गाणं ऐकायचं तर सिंगल हाच मार्ग होता. जो नुसत्या एलपी जमवतो त्याच्याकडून त्या काळाचा मोठा तुकडा सुटतो.

अमेरिकेतला मामला वेगळा. तिथे १९६७पर्यंत बीटल्सच्या ब्रिटिश एलपींमधली काही गाणी काढायचे, सिंगल्सवरची काही घालायचे आणि निराळ्याच नावाची एलपी बाजारात आणायचे. नाव एकच दिसलं तरी दोन्ही देशांतली गाण्यांची यादी ताडून पाहा.

वाजवायचं यंत्र

यावर मी फार लिहीत नाही. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर जुन्या तबकड्यांसाठी घेऊ नका. त्यांची सुई जड बसते आणि पन्नास वर्षं टिकलेली खाच घासते. सुईचा भार बदलता येतो असा टर्नटेबल घ्या आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच भार लावा. बऱ्याच साध्या कार्ट्रिजना तो दीड ते दोन ग्रॅम असतो. वापरलेलं यंत्र घेतलं तर सुई आधी नवी बसवा, जुन्या सुईवर भरवसा ठेवू नका. अर्थिंगची बारीक वायर न विसरता जोडा, नाहीतर स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहील.

लेबल वाचायला शिका

आता खरा विषय. उदाहरणाला बीटल्सची पहिली एलपी घेऊ. ‘प्लीज प्लीज मी’ २२ मार्च १९६३ रोजी मोनोमध्ये (सगळा आवाज एकत्र, डावं-उजवं न करता) आली, नंबर पीएमसी १२०२. स्टीरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज) त्यानंतर महिन्याभराने, पीसीएस ३०४२. सुरुवातीच्या प्रतींचं लेबल काळं आणि अक्षरं सोनेरी. काही आठवड्यांतच पार्लोफोनने लेबल बदललं, काळ्यावर पिवळं आलं. तेव्हा स्टीरिओ मोजकेच लोक घेत, त्यामुळे सोनेरी अक्षरांची स्टीरिओ प्रत फारच दुर्मीळ झाली. सोनेरी लेबलातही भेद आहे. अगदी पहिल्या प्रतींवर चार गाण्यांखाली प्रकाशक म्हणून ‘डिक जेम्स’ आहे, नंतरच्या प्रतींवर त्या जागी ‘नॉर्दर्न साँग्ज’. एका ओळीचा फरक आहे, पण किमतीत तो मोठा पडतो.

लेबलाच्या कडेने गोल फिरणारी बारीक अक्षरं लोक वाचत नाहीत. ती वाचा. ब्रिटिश पार्लोफोनवर ती ओळ आधी ‘द पार्लोफोन कंपनी लिमिटेड’ने सुरू व्हायची, १९६५च्या सुमारास तिथे ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ आलं आणि १९७३मध्ये कंपनीचं नाव बदलल्यावर ‘ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड’. म्हणजे १९६६च्या एलपीच्या लेबलावर कडेला ‘ईएमआय रेकॉर्ड्स’ दिसलं तर ती प्रत किमान सात वर्षांनी निघालेली आहे, विकणारा काहीही म्हणो. तसंच साठच्या दशकाच्या मध्यापासून १९६९पर्यंतच्या लेबलांवर ‘ठरलेल्या किमतीच्या अटीवर ब्रिटनमध्ये विक्री’ अशा अर्थाची एक ओळ असते. पुढे ती गेली. पिवळंकाळं लेबल जाऊन रुपेरीकाळं लेबल आलं, त्यावर आधी ‘ईएमआय’ या अक्षरांची एक चौकट, मग दोन. एवढ्या चार खुणा ध्यानात ठेवल्या तरी उभ्या उभ्या प्रतीचा काळ सांगता येतो.

इतर लेबलांचंही असंच. किंग क्रिमसनची ऑक्टोबर १९६९ची पहिली एलपी मूळची असेल तर आयलंडचं गुलाबी लेबल हवं. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७३, हार्वेस्ट लेबल, नंबर एसएचव्हीएल ८०४: पहिल्या ब्रिटिश प्रतींच्या लेबलावरचा त्रिकोण निळ्या रंगाने भरलेला आहे, नंतर त्याची नुसती बाह्यरेषा राहिली. लेड झेपेलिनच्या पहिल्या एलपीच्या सुरुवातीच्या ब्रिटिश कव्हरवर बँडचं नाव फिरोजी रंगात आहे, पुढे ते नारिंगी झालं. हे फरक पाठ करायची गरज नाही. तुमच्या कुंपणातले तेवढे वहीत लिहून ठेवा.

शेवटच्या कोऱ्या पट्टीवर काय असतं

गाणी संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधली ती गुळगुळीत पट्टी. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली की तिच्यावर कोरलेले किंवा ठोकलेले आकडे दिसतात. मला या छंदात सर्वांत जास्त आनंद या बोटभर जागेने दिलाय.

आधी तबकडी बनते कशी ते पाहू. स्टुडिओतली टेप वाजवून कटिंग इंजिनिअर लाखेसारखा मऊ थर दिलेल्या चकतीवर खाचा कोरतो. त्या चकतीवर धातूचा थर चढवून उलटा ठसा घेतात, तो मास्टर. मास्टरवरून सुलटा ठसा, ती मदर. मदरवरून पुन्हा उलटा, तो स्टँपर. स्टँपरांच्या जोडीत गरम व्हिनाइल दाबलं की रेकॉर्ड तयार. स्टँपर झिजतो, मग नवा लावतात. मदर झिजली तर मास्टरवरून दुसरी काढतात. मूळ कोरीव चकतीच नव्याने केली तर आवाजही थोडा बदलतो.

पार्लोफोनची मालक कंपनी ईएमआय. तिच्या ब्रिटिश कारखान्याने या प्रत्येक टप्प्याची खूण तबकडीवर ठेवली. ‘प्लीज प्लीज मी’ मोनोच्या पहिल्या बाजूवर लेबलाखाली ‘एक्सईएक्स ४२१-१एन’ असं आहे. एक्सईएक्स म्हणजे मोनो, वायईएक्स असेल तर स्टीरिओ. जोडचिन्हानंतरचा आकडा कितव्यांदा कोरलं ते सांगतो, १ म्हणजे पहिल्यांदा. आता हा नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. नऊच्या जागी एक आकडा दिसेल, तो मदरचा. तीनच्या जागी एकदोन अक्षरं दिसतील, ती स्टँपरची. ही अक्षरं म्हणजे गुप्त आकडे आहेत. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, म्हणजे ‘ग्रामोफोन लिमिटेड’मधली दहा अक्षरं, ओळीने १ ते ९ आणि शेवटी ०. ‘आर’ दिसलं तर दुसरा स्टँपर, ‘आरओ’ दिसलं तर पंचविसावा. पहिल्यांदा हे उलगडलं त्या रात्री मी कपाटातल्या सगळ्या तबकड्या जमिनीवर मांडल्या आणि भिंग घेऊन पहाटेपर्यंत बसलो होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. स्टँपरचा आकडा लहान म्हणजे रेकॉर्ड त्या क्रमानेच विक्रीला गेली, असं धरून चालू नका. एकाच वेळी अनेक यंत्रांवर वेगवेगळे स्टँपर लावलेले असत. तो आकडा वंशावळ सांगतो, जन्मतारीख सांगत नाही.

याच पट्टीवर कटिंग इंजिनिअरची सही असते. ‘आरएल’ म्हणजे रॉबर्ट लडविग. ऑक्टोबर १९६९च्या ‘लेड झेपेलिन टू’च्या अमेरिकन प्रतींत ज्यांवर ही दोन अक्षरं आहेत त्यांचा आवाज इतका दणदणीत आहे की साध्या प्लेअरवर सुई उडायची. म्हणून लवकरच ती एलपी कमी जोराने पुन्हा कोरली गेली. कव्हर तेच, लेबल तेच, फरक फक्त त्या दोन अक्षरांत. लंडनचा जॉर्ज पेकम स्वतःला ‘पोर्की’ म्हणवायचा. त्याने कोरलेल्या लेड झेपेलिनच्या चौथ्या एलपीच्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर एका बाजूला ‘पोर्की’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पेको डक’ असं त्याच्या हाताचं कोरीव आहे. पडद्यामागच्या कारागिराचं हस्ताक्षर असं पन्नास वर्षांनी आपल्या बोटाला लागतं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

मोनो की स्टीरिओ

साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकसाठी मोनो आधी ऐका. १९६८पर्यंत बँड आणि निर्माते मोनो मिक्सवर (वाद्यं आणि आवाज जुळवून केलेल्या शेवटच्या टेपवर) जास्त वेळ घालवत, ऐकणाऱ्यांकडे यंत्रंही मोनोच होती. ‘सार्जंट पेपर’च्या दोन मिक्समध्ये काही गाण्यांचा वेगसुद्धा वेगळा आहे. १९६९च्या ‘ॲबी रोड’पासून बीटल्स ब्रिटनमध्ये फक्त स्टीरिओत आले, तेव्हा त्याची मोनो मूळ प्रत म्हणून कुणी काही दाखवली तर हात आखडता घ्या.

आपल्याकडच्या प्रती

परदेशी रॉकच्या भारतीय आवृत्त्यांकडे आपले संग्राहक बरीच वर्षं तुच्छतेने पाहत आले. मला ते पटत नाही. कोलकात्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता, बीटल्सच्या भारतीय रेकॉर्ड्स तिथेच निघाल्या. साचे अनेकदा इंग्लंडहूनच यायचे, त्यामुळे कोऱ्या पट्टीवर तेच एक्सईएक्स आणि वायईएक्स नंबर सापडतात. लेबलाच्या कडेला ‘मेड इन इंडिया’ शोधा. कव्हर इथे छापलेलं, कागद बऱ्याचदा पातळ, उघडणाऱ्या दुहेरी कव्हराच्या जागी कधी कधी साधं एकेरी.

आणि एक गोष्ट फक्त मोजक्या देशांत घडली, त्यांत आपण होतो. बीटल्सच्या सिंगल्स भारतात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरही निघाल्या. ब्रिटनमध्ये तोवर ७८ संपली होती. आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन बऱ्याच घरांत होते, वीज सगळीकडे नव्हती, म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ चालू राहिली. आज जगभरचे बीटल्स संग्राहक या भारतीय ७८ शोधतात. जुन्या नाट्यगीतांच्या गठ्ठ्यात पार्लोफोनची एखादी तबकडी दिसली तर घाईने पुढे जाऊ नका. ती एलपीच्या सुईने मात्र वाजवू नका. ७८ची खाच खूप रुंद असते, तिला वेगळी, जाड सुई लागते.

मुंबईचा धागा ‘द इनर लाइट’वर संपत नाही. त्याच जानेवारीत हॅरिसनने मुंबईत ‘वंडरवॉल म्युझिक’चा मोठा भाग रेकॉर्ड केला. संतूर शिवकुमार शर्मांचं. १ नोव्हेंबर १९६८ रोजी आलेली ती एलपी म्हणजे बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल लेबलची पहिलीच एलपी, नंबर एसएपीकॉर १. रॉकच्या इतिहासातल्या इतक्या महत्त्वाच्या लेबलाच्या पहिल्या एलपीत मुंबईच्या वादकांचा मोठा वाटा होता. १९७२मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनीही मुंबईतल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.

देशी रॉकमध्ये ‘सिमला बीट’च्या १९७० आणि १९७१च्या एलपी ऐका. सिगारेटच्या ब्रँडने भरवलेल्या बँडस्पर्धेतून त्या निघाल्या. मूळ प्रती फार कमी सापडतात. नंतर परदेशात त्या पुन्हा छापल्या गेल्यात, तेव्हा मूळ म्हणून घेताना लेबल दोनदा पाहा.

प्रत तपासण्याची पद्धत

दुकानात किंवा बाजारात तबकडी हातात आली की मी हे या क्रमाने करतो. कडा आणि लेबल यांवरच बोटं ठेवून तबकडी पाकिटातून काढतो. सूर्यप्रकाशात किंवा एका तेज दिव्याखाली तिरपी धरून हळूहळू फिरवतो. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, बाहेर उजेडात न्यायला सांगा, चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. नखाला न लागणारे केसासारखे ओरखडे चालतात. नखाला अडकणारा ओरखडा ठोक ठोक वाजणार. खाचांना काळी चकाकी न राहता करडेपणा आला असेल तर ती जड सुईने झिजलेली आहे, आणि ती झीज धुऊन जात नाही. मग तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक पाहतो. शेवटी मधल्या भोकाभोवती पाहतो. लेबलावर सुताएवढ्या रेषांचं जाळं असेल तर मालकाने भोक चाचपडत ती शेकडो वेळा लावलीय.

वाजवून पाहायला मिळालं तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐका. आत खाचेचा घेर लहान होतो, झीज तिथे आधी ऐकू येते. इराण्याच्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समधून आलेल्या सिंगल्स मुंबईत अजून मिळतात. त्या दिसायला देखण्या असल्या तरी बहुतेक झिजलेल्या असतात.

परदेशातून मागवताना दर्जाच्या शब्दांचा अर्थ समजून घ्या. ‘मिंट’ म्हणजे न वाजलेली, त्याखाली ‘निअर मिंट’, मग ‘व्हीजी प्लस’, मग ‘व्हीजी’ (व्हेरी गुड). ‘गुड’ हा शब्द चांगल्या अर्थाचा नाही. गुड म्हणजे बरीच खराब, करकर ऐकायची तयारी असेल तरच घ्यावी अशी. ब्रिटिश विक्रेते ‘एक्सलंट’ म्हणतात ते साधारण अमेरिकन ‘व्हीजी प्लस’च्या जवळ येतं. कव्हरचा दर्जा वेगळा सांगितलेला आहे ना, तेही पाहा.

आत काय काय असायला हवं याची यादी जवळ ठेवा. १९६८च्या ‘व्हाइट अल्बम’मध्ये एक पोस्टर आणि चौघांचे चार फोटो, पहिल्या ब्रिटिश प्रतींत काळी आतली पाकिटं, आणि तबकड्या वरच्या बाजूने निघतात. पुढच्या कव्हरवर ठोकलेला अनुक्रमांक असतो. ००००००१ हा बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारचा होता, डिसेंबर २०१५मध्ये तो ७,९०,००० डॉलरला गेला. पण वेगवेगळ्या देशांनी आपापले क्रमांक घातले, म्हणून नुसता लहान आकडा पाहून हुरळू नका. ‘डार्क साइड’मध्ये दोन पोस्टर्स, दोन स्टिकर्स. द हूच्या १९७०च्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’मध्ये बारा सुटे कागद. ‘सार्जंट पेपर’मध्ये कापून घ्यायच्या चित्रांचा जाड कागद. आणि रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’ची खरी झिप असलेली प्रत मिळाली तर ती रांगेत शेजारच्या एलपीला टेकवू नका, मध्ये पुठ्ठा घाला. तेव्हा गठ्ठ्यात रचलेल्या प्रतींच्या झिपने तबकड्यांवर खड्डे पाडले होते. मग झिप अर्धी खाली ओढून ठेवायची युक्ती काढली, म्हणजे तिचा भार गाण्यावर न पडता मधल्या लेबलावर पडे.

किंमत, बनावट माल आणि मागवणं

किंमत ठरवताना मागितलेले आकडे पाहू नका, त्याच प्रेसिंगची (छपाईच्या त्याच खेपेची) त्याच दर्जाची प्रत शेवटी कितीला विकली गेली ते पाहा. जुनं म्हणजे दुर्मीळ हे खरं नाही. ‘सार्जंट पेपर’च्या मूळ प्रती अमाप आहेत, त्यामुळे थांबलात तर स्वच्छ प्रत वाजवी भावात मिळते.

खरी दुर्मिळता अपघाताने किंवा भांडणाने जन्माला येते. सेक्स पिस्टल्सची ‘गॉड सेव्ह द क्वीन’ मार्च १९७७मध्ये ए अँड एम कंपनीने सुमारे २५,००० प्रतींत छापली, आठवड्याच्या आत बँडशी करार मोडला आणि प्रती नष्ट केल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांवर लिलावात उड्या पडतात. क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या निळ्या व्हिनाइलवरच्या २०० प्रती ईएमआयने १९७८मध्ये खास काढल्या. ज्याचा आवाज त्यावर आहे तो फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँडही त्याने तिथेच केला. अशा तबकड्यांची माहिती ठेवा, मागे मात्र धावू नका. स्वस्तात मिळाली तर ती खोटी असण्याचीच शक्यता जास्त.

बनावट प्रती जुन्या काळापासून आहेत. अमेरिकेत व्ही-जे कंपनीने जानेवारी १९६४मध्ये काढलेल्या ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’च्या नकला तर अक्षरशः ढिगांनी आहेत. लेबलावर एलपीचं नाव भोकाच्या वर आणि बँडचं नाव भोकाच्या खाली असेल तर प्रत नकली. खऱ्या प्रतीत दोन्ही वर असतात.

मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार अजून सोडू नये असा आहे. काळा घोड्याचं १९४८ सालचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, तिथे उभ्याने ऐकून घेतलेल्या रेकॉर्ड्स मात्र आता घराघरांतून बाहेर पडतायत. ओळखीत सांगून ठेवा. घर बदलणारी कुटुंबं तबकड्या रद्दीत देण्याआधी फोन करतात. परदेशातून मागवलीत तर विक्रेत्याला सांगा की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून कव्हरमागे ठेवून पाठवा. आत ठेवलेली तबकडी प्रवासात कव्हरची शिवण फाडते. कस्टम ड्यूटी आणि टपाल धरूनच भाव ठरवा.

धुणं आणि पावसाळा

घरी आलेली प्रत्येक जुनी रेकॉर्ड वाजवण्याआधी धुवायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल. लेबल भिजवू नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून भांड्यांच्या जाळीत उभी वाळवा. हे फक्त व्हिनाइलसाठी आहे. लाखेच्या ७८ला अल्कोहोल लावलं की लाख विरघळते. ही चूक मी केलीय. आजोळहून आलेल्या एका ७८वरून काळा रंग कापडावर उतरत गेला आणि गाणं कायमचं गेलं. ७८ला साधं गार पाणी आणि लगेच कोरडं कापड, एवढंच.

आपला मोठा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, आत सिलिका जेल ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी रांग हलवून हवा लागू द्या. बुरशी आलेली रेकॉर्ड बाकीच्यांपासून वेगळी करा, कागदी पाकीट टाकून द्या. ते छापील मूळ पाकीट असेल तर वाळवून वेगळं जपा. बाहेरून घालायला जाड, मऊ पीव्हीसीची कव्हरं वापरू नका. ती काही वर्षांत तबकडीवर ढगाळ डाग उमटवतात. पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. रेकॉर्ड्स नेहमी उभ्या, ना घट्ट ना तिरप्या. शंभर एलपी पंचवीस-तीस किलो भरतात, फळी तेवढी मजबूत हवी. मे महिन्यात गाडीत पाच मिनिटंही विसरू नका.

वही

पहिल्या रेकॉर्डपासून वही ठेवा. नाव, नंबर, लेबलावरच्या खुणा, दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्टीवरचं सगळं, कुठे मिळाली, कितीला, आत काय होतं. लेबलावर कुणी नाव लिहिलं असेल तर तेही उतरवा, पुसायला जाऊ नका. माझ्या आर ५६७५वर निळ्या शाईत एक मुलीचं नाव आणि ‘जुलै ६८’ आहे. तेही ‘द इनर लाइट’च्या बाजूवर.